गृहस्थधर्म : पूररेषेतील घराची डागडुजी

उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण अशी उतरत ठाण्याजवळ पोहोचते, तेव्हा ती नदी कमी आणि खाडी अधिक झालेली असते. बाळकुम हे गाव याच पाण्याच्या काठी, कशेळीच्या पुलाअलीकडे वसले आहे. वरून डोंगरांतील पाऊस येतो, खालून समुद्राची भरती. दोन्ही एकाच घटकेस आल्या की नाल्यांना पाणी सोडण्यास जागा उरत नाही आणि सखल भागातील उंबरठे ओलांडले जातात. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ठाण्यातील वडीलधारी मंडळी आजही पाण्याची उंची सांगताना त्याच दिवसाचा दाखला देतात.

अशा ठिकाणचे जुने घर नव्याने सजवावयाचे ठरले की चर्चा सुरू होते ती फरशीच्या रंगापासून. ती व्हावयास हवी पाण्याच्या उंचीपासून. शेजाऱ्यांकडे चौकशी करून पूर्वीच्या पाण्याची खूण भिंतीवर खडूने आखावी. त्या रेषेखाली काय ठेवावयाचे आणि काय नाही, हाच डागडुजीचा खरा आराखडा होय.

सरकारी रेषा याहून निराळ्या. नदीकाठी पाटबंधारे खाते निळी व लाल अशा दोन पूररेषा आखते. सर्वसाधारणपणे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार या दोहोंमधील पट्ट्यात बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते. खाडीकाठी किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध वेगळेच. आपले घर नेमके कोठे मोडते, याची खातरजमा ठाणे महानगरपालिकेच्या शहर विकास विभागात लेखी करून घ्यावी. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर पैसा गुंतवू नये.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. घर बांधणे ही आरंभी हिंसा; गृहस्थाला ती सर्वस्वी टाळता येत नाही, म्हणून तेथे यतना सांगितली. परंतु दर दोन-तीन पावसाळ्यांनी प्लायवूडची कपाटे फेकावयाची, प्लास्टर ऑफ पॅरिसचे नक्षीकाम खरवडावयाचे आणि पुन्हा तेच करावयाचे, यात यतना कोठे राहिली? भिजून पुन्हा वाळणारे साहित्य घ्यावे: तळमजल्यावर शहाबादी किंवा कोटा फरशी, भिंतींना साधा गिलावा, कडाप्प्याच्या मांडण्या. विजेच्या तारा छतावरून खाली आणाव्यात, मीटर व बटणांचे फलक खडूच्या रेषेच्या बरेच वर घ्यावेत आणि तळमजल्याचा विद्युतप्रवाह स्वतंत्रपणे बंद करता यावा. सांडपाण्याच्या नळावर पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी. पुराचे पाणी पुष्कळदा दारापूर्वी न्हाणीघरातून येते. देवघर, ग्रंथ व धान्य वरच्या मजल्यावर असावे, हे सांगावयास नको.

सर्वांत मोठी घाई होते ती भिंतीच्या बाबतीत. खाडीचे पाणी खारे असते. ते ओसरले तरी क्षार विटांत राहतात आणि ओल्या भिंतीवर चढवलेला तैलरंग पुढील पावसाळ्यापूर्वीच फुगून सुटतो. रंगाआड बुरशी धरते. शांतिसूरींच्या ‘जीवविचारा’त पणग आणि शेवाळ यांची गणना साधारण वनस्पतीत, म्हणजे अनंतकायात केली आहे. आधी ती वाढू द्यावयाची आणि मग रसायन ओतून नष्ट करावयाची, यापेक्षा भिंत वाळू देणे शहाणपणाचे. पाणी चढले होते त्याच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढून विटा उघड्या ठेवाव्यात. हिवाळाभर वारा लागू द्यावा. चातुर्मासात खोदकाम टाळण्याची रीत येथे व्यवहाराशीही जुळते: काम कार्तिकी पौर्णिमेनंतरच हाती घ्यावे.

जोते उंच करताना मात्र शेजाऱ्याचा विचार हवा. अंगणात भराव टाकून आपला ओटा दोन फूट वर नेला की तेवढे पाणी पलीकडच्या बसक्या घराकडे वळते. परवानगी मिळत असेल तर खांबांवर घर उचलून खालून पाण्याला वाट मोकळी ठेवणे अधिक न्याय्य. खर्च वाढतो, हे खरे. आळीतील चार घरांनी एकत्र बसून नाल्याचा उतार व ओट्यांची उंची ठरवली, तर तो खर्चही काही प्रमाणात वाचू शकतो.

राहतो प्रश्न राडारोड्याचा. काढलेला गिलावा व फुटक्या फरशा रात्री टेम्पोत भरून खाडीकाठच्या खारफुटीत लोटण्याचे प्रकार घडतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर खारफुटी नष्ट करण्यास मनाई केली असून तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला आहे. खारफुटी भरतीचा जोर अडवते, आणि खाडी जेवढी बुजेल तेवढे पाणी बाळकुमच्या गल्ल्यांत येईल. म्हणून ठेकेदाराशी करार करतानाच राडारोडा कोठे जाणार हे कागदावर लिहून घ्यावे, आणि महापालिकेची पावती हाती आल्याखेरीज त्याचा शेवटचा हप्ता देऊ नये.