कीर्ती आणि किंमत

भयपटाचे नाव काढताच घरातील वडीलधारी मंडळी नाक मुरडतात, आणि बहुधा ते योग्यच असते. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८ चा अमेरिकन चित्रपट मात्र विचार करावयास लावतो. पिट्सबर्गच्या दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून आरंभ केला. एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलर झाला. रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला. काही अभिनय कृत्रिम आहे, बार्बरा बराच काळ नुसती बसून राहते. हे दोष नाकारता येत नाहीत.

मग कीर्ती कशाची? दाराशी प्रेते उभी असताना घरातील माणसे आपसांत भांडतात. कूपर म्हणतो, तळघरात लपावे. बेन म्हणतो, वर राहून लढावे. प्रेक्षकाचे मन धीरोदात्त बेनकडे झुकते. अखेर सर्व गमावून बेन वाचतो तो त्याच तळघरात! अप्रिय माणसाचा सल्लाच कामी येतो. सकाळी मात्र सुटकेस आलेले लोक बेनला प्रेत समजून गोळी घालतात. ही भूमिका कृष्णवर्णीय ड्वेन जोन्स यांची असल्याने तो शेवट त्या काळी अधिकच बोचला.

शीर्षक बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि निर्मात्यांचा हक्क बुडाला. कोणीही प्रती काढाव्या, विकाव्या, असे झाले. प्रसार त्यामुळे वाढला, हे खरे. परंतु फुकट मिळालेला माल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तो अंगच्या गुणामुळेच.