राखीव बाकाची परीक्षा

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, हंगाम मात्र नऊ-दहा महिन्यांचा. एवढ्या दीर्घ वाटचालीत कोणा ना कोणाला दुखापत ही व्हायचीच. अशा वेळी संघाची खरी परीक्षा राखीव बाकावर होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल संघाचा २०२०-२१ चा हंगाम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

आदल्याच हंगामात या संघाने ९९ गुण मिळवून तीस वर्षांनंतर लीगचे अजिंक्यपद पटकावले होते. नव्या हंगामापूर्वी लोव्हरेन हा अनुभवी बचावपटू संघ सोडून गेला; परंतु त्याच्या जागी कोणी घेतला गेला नाही. मधल्या बचावासाठी तीनच जाणते खेळाडू उरले. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा जायबंदी झाला. नोव्हेंबरात गोमेझ व जानेवारीअखेर मॅटिपही गळाला. बचावाची भिंतच कोसळली.

येथपर्यंतचा भाग दैवाचा म्हणता येईल. पुढचा निर्णय मात्र माणसांचा होता. प्रशिक्षक क्लॉप यांनी फॅबिन्यो आणि हेंडरसन या मध्यफळीच्या आधारस्तंभांना बचावात उभे केले. अननुभवी पोरांपेक्षा कसलेले गडी बरे, हा विचार वरवर पाहता रास्तच होता. परंतु त्यामुळे एका खिंडाराची दोन खिंडारे झाली. मागे परका खेळाडू आणि मध्ये पोकळी! चेंडू पुढे पोहोचेनासा झाला, तेव्हा आघाडीपटूही निष्प्रभ ठरले. स्वतःच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने अपराजित राहिलेला हा संघ जानेवारी ते मार्च २०२१ या काळात तेथेच सलग सहा सामने हरला.

मार्चमध्ये फॅबिन्यो आपल्या मूळ जागी परतला. बचावाची धुरा फिलिप्स व फेब्रुवारीच्या आरंभी आलेला काबाक यांच्यावर आली. आणि काबाकही जायबंदी झाल्यावर अखेरच्या पाच सामन्यांत फिलिप्सच्या जोडीला वीस वर्षांचा ऱ्हीस विल्यम्स उभा राहिला. ते पाचही सामने संघाने जिंकले. लीगच्या शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी आणि पराभव एकही नाही. ६९ गुणांसह संघ तिसरा आला. अजिंक्यपद गेले, तरी पत राहिली. व्हॅन डाइकची उणीव त्या दोघांनी भरून काढली असे नव्हे; परंतु त्यांच्यामुळे उरलेले नऊ जण आपापल्या जागी खेळू शकले.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय सामन्याच्या दिवशी आमचा बचावपटू तापाने अंथरुणाला खिळला. मी आमच्या सर्वांत चपळ आघाडीच्या मुलास मागे उभे केले. राखीव मुलगा बुटांच्या नाड्या आवळून शेवटपर्यंत बाकावर बसून राहिला. आम्ही एक गोल खाल्ला आणि एकही केला नाही. परतताना बसमध्ये त्याने विचारले, “सर, मला का नाही उतरवलंत?” मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतर सरावाच्या सामन्यांत प्रत्येक मुलास निदान अर्धा वेळ मैदानावर उतरवण्याचा नियम मी केला. तो मुलगा मात्र दहावीचा होता. शाळेकडून खेळण्याची त्याची ती अखेरची संधी होती.