कॉलेजांतले विषय कोणीं निवडावे?

मृग लागला कीं आमच्या खानदेशांत दोन धांदली एकदमच सुरू होतात. एक बियाण्याची व दुसरी कॉलेजांतल्या प्रवेशाची. पहिल्या धांदलींत आमचा शेतकरी कोणाला हार जात नाहीं. जमीन काळी कीं बरड, विहिरीला पाणी किती, गेल्या सालीं या वाणाला बोंडें कशीं लागलीं, हें सर्व तो चार जणांना विचारतो, थैली उलटसुलट करून पाहतो आणि मगच पैसे मोजतो. दुसऱ्या धांदलींत मात्र हाच शहाणा मनुष्य मुका होतो. पोराच्या तीन-चार वर्षांचें बियाणें कोणतें, हें तो भलत्याच माणसाला ठरवूं देतो. त्याबद्दल आज चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

गेल्या जून महिन्यांत तालुक्याच्या गांवीं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानांत आम्ही बसलों होतों. सुतारकाम करणारे एक गृहस्थ बारावी झालेल्या आपल्या मुलीला घेऊन आले. दुकानांतल्या पोरानें विचारलें, "आबा, मुख्य विषय कोणता टाकूं?" आबा म्हणाले, "जो सोपा व्हई तो टाकी दे, भाऊ." पोरानें दोन-चार ठिकाणीं बोट दाबलें, कागद छापून हातांत दिला, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हांक मारली. बाहेर पडतांना आम्हीं मुलीला विचारलें, "बाई, तुला कोणता विषय आवडतो?" ती हळूच म्हणाली, "भूगोल." कागदावर भूगोल नव्हता. बापानें तिला विचारलें नव्हतें, दुकानदारानें विचारलें नव्हतें, आणि तिनेंहि आपण होऊन सांगितलें नव्हतें. आबा क्षणभर थांबले व परत दुकानांत शिरले. दाराची चौकट करावयाची असती तर याच आबांनीं वखारींतलें लांकूड ठोकून, गांठी पाहून स्वतः निवडलें असतें. मुलीच्या शिक्षणाचें लांकूड तेवढें दुसऱ्यानें निवडावें, हें कां?

दुकानदाराला आम्ही दोष देत नाहीं. त्याला फॉर्ममागें पैसे मिळतात, सल्ल्यामागें नाहीं. दोष आहे तो आमच्या भिडेचा. कॉलेज म्हणजे मोठ्या लोकांचें काम, तेथें आपण काय बोलावें, ही भीड पिढ्यान्‌पिढ्या आमच्या अंगांत मुरली आहे.

पूर्वीं निवडीचें काम एवढें अवघड नव्हतें. कला, वाणिज्य कीं विज्ञान एवढें ठरलें कीं बहुतेक विषय आपोआप ठरत. आतां तसें राहिलें नाहीं. २०२० सालचें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रांतल्या संलग्न कॉलेजांना २०२४-२५ या वर्षापासून लागू झालें, आणि निवड विद्यार्थ्याच्या अंगावर आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषेचे विषय, मूल्यशिक्षण, अशी यादी पाहून भलेभले गोंधळतात. शेतकऱ्यानें मात्र गोंधळण्याचें कारण नाहीं. मेजर म्हणजे मुख्य पीक. मायनर म्हणजे आंतरपीक, कपाशींत आपण तूर किंवा मूग घेतों तसें. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बांधावरचें झाड. तें आपल्या मेजरच्या शाखेबाहेरचें असावें लागतें, म्हणजे कलेच्या मुलानें विज्ञानांतलें किंवा वाणिज्यांतलें कांहीं शिकावें, असा त्याचा हेतु. कौशल्याचा विषय हाताला काम शिकविण्यासाठीं. वर्षाचें घर मुख्य पिकावर चालतें, आणि पुढच्या शिक्षणाचा रस्ताहि बहुतेक वेळां मेजरवरूनच जातो. म्हणून सर्वांत जास्त विचार तेथें व्हावा.

आतां वेळेचा हिशेब पाहा. प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात; त्यांना कॉलेजांत क्रेडिट म्हणतात. वर्गांतले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रयोगशाळेंतले ३० तास म्हणजे एक क्रेडिट. एका सहामाहीला साधारण २० ते २२ क्रेडिट पडतात. सत्र १५ आठवड्यांचें धरलें, तर २२ क्रेडिटचे वर्ग आठवड्याला २२ तास झाले. त्यांतले सहा क्रेडिट प्रयोगाचे असले, तर तोच आंकडा २८ तासांवर जातो. घरचा अभ्यास व एस.टी.चा प्रवास वेगळा. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट झाले कीं पदवी. चौथें वर्ष करून १६० ते १७६ झाले कीं ऑनर्सची पदवी. घरच्या अडचणीनें मधेंच थांबावें लागलें तरी सगळेंच वायां जात नाहीं. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट व नियमाप्रमाणें कौशल्याचा जादा भाग पुरा केला तर प्रमाणपत्र मिळतें, आणि तसेंच दोन वर्षांनीं पदविका. मिळविलेले क्रेडिट २०२१ सालीं सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी खात्यांत विद्यार्थ्याच्या नांवावर जमा होतात आणि जास्तींत जास्त सात वर्षें उपयोगी पडतात. सोसायटीचा उतारा आपण जसा पाहून घेतों, तसें हें खातें उघडलें कीं नाहीं व त्यांत जमा झाली कीं नाहीं, हें दर सहामाहीला पाहावें.

विषय ठरवितांना "सोपा" हा शब्द आधीं घराबाहेर काढावा. शेजारच्या पोराला जो विषय सोपा गेला, तो आपल्या मुलीला सोपा जाईलच असें नाहीं. आणि ज्यांत मन लागत नाहीं तो विषय कोणालाच सोपा जात नाहीं. दुसरी एक अफवा गांवोगांव फिरते कीं, साहेब व्हावयाचें तर अमुकच विषय घ्यावा लागतो. राज्यसेवेच्या सर्वसाधारण पदांना कोणत्याहि शाखेची मान्य पदवी चालते. तेव्हां त्या नांवाखालीं नावडता विषय गळ्यांत बांधून घेण्याचें कारण नाहीं. उलट कांहीं रस्ते असे आहेत कीं ते विषयावरच अडतात. रसायनशास्त्रांत एम.एस्सी. करावयाची तर पदवीला रसायनशास्त्र पाहिजे. हायस्कुलांत शिकवावयाचें तर शाळेंत शिकविला जाणारा विषय पदवीला असलेला बरा. शेतीची पदवी हवी असेल तर ती राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची. त्याचें कॉलेज धुळ्यासहि आहे, परंतु तेथल्या प्रवेशाची वाट वेगळी आहे. या गोष्टी फॉर्म भरण्यापूर्वीं कळल्या तरच उपयोग.

म्हणून सही करण्यापूर्वीं कॉलेजांत जाऊन चार प्रश्न विचारावे. या विषयाला येथें शिकविणारा माणूस आहे कीं नुसतें यादींत नांव आहे? हाच विषय मेजर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत याच कॉलेजांत मिळेल काय? वर्ग किती वाजतां सुरू होतो व किती वाजतां सुटतो? आणि विषय चुकला असें वाटल्यास बदलण्याची शेवटची तारीख कोणती? हे प्रश्न विचारण्यांत कांहीं उद्धटपणा नाहीं. फी आपण भरतों, आणि कॉलेजांना जें सरकारी अनुदान मिळतें तेंहि लोकांच्याच खिशांतून जातें.

ही निवड आमच्या दारांत सहजासहजीं आलेली नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें. पुढें १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें, त्यांत रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचीं मुलें शिकतात ही तक्रार तर होतीच. पण रयतेच्या मुलांना काय शिकवावें याची यादीहि होती. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. घरीं अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांनाहि बसूं द्यावें, असेंहि त्यांनीं सुचविलें. म्हणजे जोतीरावांनीं नुसती शाळा मागितली नाहीं, विषयहि मागितले. खानदेशांत अंमळनेरचें प्रताप कॉलेज १९४५ सालीं निघालें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झालें व आमचीं कॉलेजें त्याला जोडलीं गेलीं. जळगांवास आपलें विद्यापीठ व्हावयास १५ ऑगस्ट १९९० हा दिवस उजाडावा लागला. आज जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांचीं कॉलेजें त्याच्याखालीं आहेत. इतक्या वर्षांनीं घराजवळ आलेली गोष्ट दुकानाच्या बांकावर दोन मिनिटांत उरकावी काय?

विषय ठरला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. पहिल्या सत्राची गांठ आमच्या शेतीच्या वेळापत्रकाशीं पडते. वर्ग सुरू होतात तेव्हां निंदणी-कोळपणी चालू असते. दसऱ्या-दिवाळीच्या आगेमागें वेचणी लागते, आणि परीक्षाहि त्याच सुमारास डोक्यावर येते. अशा वेळीं घरांत पहिली हांक कोणाला जाते? मुलीला. "चार दिवस कॉलेज राहूं दे, कापूस घरांत येऊं दे," असें म्हणतां म्हणतां महिना जातो, हजेरी भरत नाहीं, आणि मग सर्वजण म्हणतात कीं पोरीचें डोकें चालत नाहीं! डोकें चालतें, तिला वर्गांत बसूं दिलें नाहीं, एवढेंच. म्हणून कॉलेजचें वेळापत्रक आणून तें घरांत भिंतीवर लावावें. प्रयोगाचे दिवस व परीक्षेचे दिवस खुणा करून ठेवावे, आणि त्या दिवशीं तिच्या वांट्याची ओळ भावानें किंवा बापानें वेचावी. मजुरी वांचविण्यासाठीं मुलीचें वर्ष घालविणें हा आंतबट्ट्याचा व्यापार आहे.

कॉलेजांच्या चालकांनाहि आमचें सांगणें आहे. विषयांची यादी मराठींत, मोठ्या अक्षरांत, दारावर लावा. कोणत्या विषयाला शिक्षक आहे व कोणत्याला नाहीं, हें खरें सांगा. प्रवेशाचे दिवस संपेपर्यंत एक प्राध्यापक खिडकीशीं बसवा, जो "तुमच्यासारख्यांनीं हाच घ्या" असें म्हणणार नाहीं, तर "तुला काय शिकावयाचें आहे?" असें विचारील. याला फार पैसा लागत नाहीं, दानत लागते.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत असूं द्या. २०१८ सालापासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. १८८० सालीं असोद्याच्या शेतकरी घरांत जन्मलेल्या या बाईला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तिची कविता १९५२ सालीं तिच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानें आली, ती दुसऱ्यांनीं लिहून ठेवली होती म्हणून. तिला अक्षर मिळालें नाहीं, हा तिचा दोष नव्हता. परंतु तिच्या नांवाच्या विद्यापीठाचा फॉर्म बारावी शिकलेल्या मुलानें न वाचतां भरूं दिला, तर दोष कोणाचा? तेव्हां बांधवांनो, फॉर्म आधीं घरीं आणा. दिवा लावून सगळे बसा. मुलाला किंवा मुलीला तो मोठ्यानें वाचूं द्या, आणि पहिला प्रश्न तिलाच विचारा.