सूर्य कोणाला नमस्कार घालतो?

उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची जगाची रीत आहे. ब्रिटनमध्ये ‘सन’ नावाचे दैनिक निघते आणि तेथे प्रत्यक्ष सूर्यच उगवत्या नेत्याला नमस्कार घालतो! ३ जुलै २०२४ रोजी, मतदानाला अवघा एक दिवस उरला असताना, या दैनिकाने मजूर पक्षाला पाठिंबा जाहीर केला. युरोपीय फुटबॉल स्पर्धा चालू होती, म्हणून देशाला आता नवा व्यवस्थापक हवा, अशा खेळकर थाटात ही घोषणा झाली. चौदा वर्षे सत्तेवर असलेला हुजूर पक्ष आपटणार, हे मतचाचण्या दीर्घकाळ सांगत होत्या. लंडनच्या टॅक्सीचालकालाही ठाऊक असलेली ही गोष्ट ‘सन’च्या संपादकांना आदल्या दिवशी उमगली.

आपल्याकडील इंग्रजाळलेल्या विद्वानांना ब्रिटिश पत्रसृष्टीचे मोठे अप्रूप. तिच्या निर्भीडपणाचे दाखले आपल्या पत्रकारांना उठताबसता दिले जातात. त्या निर्भीडपणाचा जमाखर्च मात्र कोणी मांडत नाही.

‘सन’ जन्माला आला १९६४ साली, कामगार चळवळीच्या ‘डेली हेरल्ड’ची जागा घेण्यासाठी. १९६९ मध्ये तो रुपर्ट मर्डोक यांनी विकत घेतला. १९७० च्या निवडणुकीत तो मजूर पक्षाच्या बाजूने होता. १९७९ मध्ये श्रीमती थॅचर यांच्या बाजूने गेला. येथवर मतपरिवर्तन म्हणून सोडून देता येईल. पण पुढे काय घडले? ४ जानेवारी १९८१ रोजी मर्डोक यांनी पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासस्थानी थॅचर यांच्यासमवेत भोजन घेतले. त्या वेळी ‘टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’च्या खरेदीची बोलणी चालू होती. एवढा मोठा व्यवहार मक्तेदारी आयोगाकडे तपासणीसाठी जायला हवा होता. तो गेला नाही. त्या भोजनाची टिपणे जनतेला पाहायला मिळाली ती २०१२ साली, एकतीस वर्षांनी!

१९९२ मध्ये हुजूर पक्ष अनपेक्षितपणे जिंकला आणि हा विजय आपणच मिळवून दिला, अशी बढाई ‘सन’ने पहिल्या पानावर मारली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपल्या खेड्यातली म्हण. पण ब्रिटनचे राजकारणी तिकडची कोंबड्याची बढाई खरी मानून बसले. जुलै १९९५ मध्ये विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर हजारो मैलांचा प्रवास करून ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर मर्डोक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात हजर झाले. पंतप्रधानपदाच्या उमेदवाराने वृत्तपत्राच्या मालकापुढे हजेरी लावावी, यात लोकशाहीचा कोणता सन्मान झाला? १८ मार्च १९९७ रोजी, निवडणुकीची घोषणा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘सन’ ब्लेअर यांच्यामागे उभा राहिला. मजूर पक्षाची प्रचंड आघाडी तेव्हा काही गुपित नव्हती.

त्याआधीची एक गोष्ट जॉन मेजर यांनी जून २०१२ मध्ये लेव्हसन आयोगासमोर शपथेवर सांगितली. फेब्रुवारी १९९७ मधील एका भोजनप्रसंगी मर्डोक यांनी सरकारचे युरोपविषयक धोरण बदलावे अशी अपेक्षा व्यक्त केली. ते न बदलल्यास आपली वृत्तपत्रे पाठिंबा देऊ शकणार नाहीत, असेही सुचवले. आपण कोणत्याही पंतप्रधानाकडे कधीच काही मागितले नाही, अशी साक्ष मर्डोक यांनी त्याच आयोगासमोर थोडे दिवस आधी दिली होती. दोन साक्षी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे वाचकांनीच ठरवावे.

वृत्तपत्राला मत असू नये काय, असा प्रश्न येथे हमखास विचारला जाईल. जरूर असावे. ‘गार्डियन’ने २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाची बाजू घेतली. तो पक्ष स्वबळावर सत्तेवर येणार नव्हता, तरी आपली कारणे त्याने छापून मांडली. तो निर्णय कोणाला चुकीचा वाटेल, पण ते मत होते. ‘सन’चे काय? ३० एप्रिल २०१५ रोजी त्याच्या इंग्लंडमधील आवृत्तीने स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाला रोखण्यासाठी हुजूर पक्षाला मत द्या म्हटले आणि त्याच दिवशी स्कॉटलंडमधील आवृत्तीने त्याच राष्ट्रीय पक्षाचा जयजयकार केला. मालक एक, दिवस एक, तत्त्वे दोन. याला मत म्हणायचे की दुकानदारी?

२००९ सालचा प्रसंग तर क्रौर्याचा नमुना होता. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांचे पक्षाच्या अधिवेशनातील भाषण संपते न संपते तोच, दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘सन’ने मजूर पक्षाचा निरोप घेतला. डेव्हिड कॅमेरून यांचे प्रसिद्धिप्रमुख तेव्हा अँडी कूल्सन होते. मर्डोक यांच्याच ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे माजी संपादक. पुढे ते थेट पंतप्रधानांच्या कार्यालयात गेले आणि २०१४ मध्ये फोन-हेरगिरीच्या कटापायी तुरुंगात. खून झालेल्या शाळकरी मुलीच्या फोनवरील निरोपही ज्या वृत्तपत्राने चोरून ऐकले, तेच हे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’. जुलै २०११ मध्ये ते बंद करावे लागले.

या हेरगिरीमुळेच लेव्हसन आयोग नेमला गेला होता. त्याचा दुसरा टप्पा वृत्तपत्र कंपन्या आणि पोलीस यांच्या साट्यालोट्याचा शोध घेणार होता. हुजूर सरकारने तो २०१८ मध्ये गुंडाळला. तो सुरू करू, असे वचन मजूर पक्षाने २०१७ च्या जाहीरनाम्यात दिले होते आणि बळी पडलेली कुटुंबे त्या वचनाकडे डोळे लावून होती. २०२४ च्या जाहीरनाम्यात ते वचन नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांनी ‘सन’चा आशीर्वाद आला.