सुटकेनंतरची जबाबदारी कोणाची?

एकदां खून केलेला मनुष्य तुरुंगांतून सुटून पुन्हां खून करतो, तेव्हां सुशिक्षित घरांतूनहि एकच आरोळी उठते : फांशी द्या, नाहीं तर जन्मभर कोंडा. २०२४ च्या डिसेंबरांत कल्याण पूर्वेंत एका अल्पवयीन मुलीचा खून झाला. अटक झालेला इसम पूर्वींच्या गुन्ह्यांत जामिनावर सुटलेला होता, हें कळतांच कल्याण-डोंबिवलींत हीच आरोळी घुमली. तो पूर्वीं खुनी ठरलेला नव्हता, आणि या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच २०२५ च्या एप्रिलमध्यें तळोजा कारागृहांत मरण पावला. पण आरोळीला असले भेद ऐकूं येत नाहींत. त्या संतापाला आम्ही दोष देत नाहीं. संताप हाच उपाय, ही समजूत मात्र आम्हांला मान्य नाहीं.

कठोर उपाय कायद्यानें करून पाहिलेला आहे. जन्मठेपेच्या कैद्यानें खून केल्यास फांशीच, असें जुन्या दंडसंहितेचें ३०३ वें कलम सांगत असे. १९८३ सालीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानें तें रद्द केलें; न्यायाधीशाला माणूस व प्रसंग पाहूंच न देणारा कायदा न्याय्य कसा म्हणावा? १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्याय संहितेचें १०४ वें कलम अशा खुन्यास फांशी किंवा मरेपर्यंत कारावास सांगतें. पण हीं दोन्ही कलमें दुसरें प्रेत पडल्यावर जागीं होणारीं!

त्यापूर्वींची तजवीज काय? फांशीस पात्र अशा गुन्ह्यांत जन्मठेप झालेल्याला १४ वर्षें पुरीं भोगल्यावांचून माफी देऊन सोडतां येत नाहीं, असा १९७८ पासूनचा दंडक आहे. वर्षें मोजलीं गेलीं. माणूस कोणीं मोजला? माफीला शर्ती घालतां येतात. त्या पाळल्या जातात कीं नाहीं, हें पाहण्यास त्याच्या दारांत कोण जातो?

नागपूरचें उदाहरण घ्या. पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या एका इसमाला उच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें. त्याचा खटला चालविण्यास पैसा लावला तो मेहुण्यानें. त्याचीं मुलें वाढलीं तीं बहिणीच्या घरीं. २०१८ च्या जूनमध्यें एका रात्रीं त्यानें बहीण, मेहुणा, मेहुण्याची आई, भाची आणि स्वतःचा मुलगा अशा पांच जणांचा जीव घेतला. वादाचें मूळ त्याच पैशांत होतें, असें तपासांत पुढें आलें. एप्रिल २०२३ मध्यें सत्र न्यायालयानें त्याला फांशी सुनावली. निर्दोष ठरलेल्यावर पहारा बसवितां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण निवारा, रोजगार आणि घरच्या भांडणांत मध्यस्थ देण्यास कोणता कायदा आड येतो? सरकारचें काम फाटकाशीं संपलें. पुढचें सगळें ओझें एका बहिणीच्या संसारावर पडलें.

याहून निराळें महाराष्ट्रांत पूर्वींच घडलें आहे. १९३९ सालीं औंध संस्थानानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची मोकळी वसाहत काढली. तेथें भिंती नव्हत्या; शेती होती, बायकामुलें होतीं. याच प्रयोगावरून व्ही. शांतारामांनीं १९५७ सालीं 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट काढला; त्यांतील सहाहि कैदी खुनी आहेत. भाबड्या दयेपेक्षां यांत शहाणपण अधिक आहे. कुलूप काढून पाहिल्यावांचून कुलुपाबाहेर माणूस कसा वागेल हें कळत नाहीं, आणि तें पाहावयाचें तर नजरेखालीं, हळूहळू पाहावें. एके सकाळीं रस्त्यावर सोडून देऊन नव्हे.

ठाण्याचें कारागृह जुन्या किल्ल्यांत आहे, कल्याणचें आधारवाडींत. दोन्हींचीं फाटकें आपल्याच वस्तींत उघडतात. म्हणून दीर्घ शिक्षेच्या प्रत्येक कैद्याला सुटकेपूर्वीं मोकळ्या वसाहतींत पारखावें, सुटकेनंतर त्याची चौकशी ठेवणारा अधिकारी नांवानिशीं नेमावा, आणि ज्या घरीं तो जाणार त्या घराचें म्हणणें आधीं ऐकावें, अशी आमची मागणी आहे. ही दया नव्हे. सोडणाऱ्यानें सोडल्याचा हिशेब द्यावा, इतकेंच आम्ही म्हणतों.