सावली पायाखाली येते तेव्हा

विज्ञानमेळावा, विज्ञानयात्रा, आकाशदर्शन असे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे शाळकरी मुलेच उभी राहतात. मुले जातात, त्यांना सांभाळायला आईवडील जातात आणि घरातील वडीलधारी माणसे दाराला कडी घालून मागे राहतात. ‘त्यांना आता त्यातले काय कळणार?’ असे कुणी उघड म्हणत नाही. पण त्यांना विचारतही नाही. हे न विचारणे आरोग्याच्या दृष्टीने महागात पडू शकते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित असे १४ धोके नोंदविले, की ज्यांवर काही उपाय करता येतो. रक्तदाब आणि मधुमेह यांच्याबरोबरच ऐकू न येणे, दिसणे कमी होऊनही उपचार न करणे, शरीराची हालचाल थांबणे आणि माणसांपासून तुटणे यांचाही त्या यादीत समावेश आहे. एखादा मेळावा पाहिल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा याचा अर्थ नाही. परंतु चार माणसांत बसणे, नवे काही समजून घेणे आणि त्यावर बोलणे या गोष्टी उतारवयात चैनीच्या नव्हेत, गरजेच्या आहेत, एवढे निश्चित म्हणता येते.

शिक्षण नसेल तर विज्ञान समजणार कसे, अशी शंका पुष्कळांना असते. तिचे उत्तर कर्जतच्या शेजारच्याच तालुक्यात मिळते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडून दिलेल्या, बहुतांशी निरक्षर वा अल्पशिक्षित स्त्रिया तेथे आरोग्यविज्ञान शिकल्या. सुरक्षित बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देण्यामागचे कारण हे सारे त्यांनी आत्मसात केले आणि गावाला शिकविले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या भाषेत, आपल्या जगण्याशी जोडून सांगितले तर प्रौढ माणूसही उत्तम शिकतो, हे या स्त्रियांनी दाखवून दिले आहे.

लोकांच्या भाषेत विज्ञान पोहोचविण्याचे काम मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून करीत आली आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्या निमित्ताने पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली केली जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण पाहायला गेलात, तर घरातील आजी-आजोबांनाही सोबत घ्यावे. मात्र सर्वांनाच प्रवास झेपत नाही. त्यांच्यासाठी एक विज्ञानसोहळा कर्जतच्या अंगणातच येत असतो, आणि त्याला ना तिकीट लागते, ना दुर्बीण.

तो म्हणजे शून्य सावलीचा दिवस. सूर्य भर माध्यान्हीही रोज नेमका डोक्यावर नसतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात तो वर्षातून दोनच दिवस थेट माथ्यावर येतो. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने आपल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला असे दोन दिवस येतात. कर्जतचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे. म्हणून येथे हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. जुलैत आभाळ बहुधा भरलेले असते. त्यामुळे खरी संधी मे महिन्यातच.

वेळही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारताची घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत आणि कर्जत सुमारे पंच्याहत्तराव्या रेखांशावर आहे. दर अंशास चार मिनिटे, या हिशेबाने सूर्य येथे अर्धा तास उशिरा माथ्यावर यावयास हवा. मेच्या मध्यास तो घड्याळाच्या सुमारे चार मिनिटे पुढे असल्याने ही घटना १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास दिसते.

अंगणात सपाट जागी सरळ कडांचा पेला किंवा पाइपाचा उभा तुकडा ठेवावा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी मुलांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. पश्चिमेकडे पडलेली सावली आखडत आखडत वस्तूच्या तळाशी नाहीशी होते आणि थोड्याच वेळात पूर्वेकडे पुन्हा उगवते. यानंतर जुलैअखेरपर्यंत कर्जतला माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, हेही मुलांकडून पडताळून घ्यावे.

येथेच घरातील वडीलधारी मंडळी शिक्षकाच्या जागी येतात. ओसरीच्या पायरीवर आलेल्या उन्हावरून वेळ सांगण्याची विद्या त्यांच्यापाशी आहे. मृग ७-८ जूनला लागतो, ही तारीख दरवर्षी जवळजवळ तीच का, असे नातवंडांनी त्यांना विचारावे. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून मोजलेली असतात, हे त्याचे उत्तर. मेच्या मध्यास सूर्य कृत्तिकेत असतो, मग रोहिणी, मग मृग. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात हस्ताच्या पावसावर ज्वारीची आशा ठेवून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना सूर्याचे भ्रमण नवे नाही. त्यामागची भूमिती तेवढी नवी आहे. आजोबांनी नक्षत्रे सांगावीत, नातीने अक्षांश सांगावा. दोघांचेही शिक्षण एकाच अंगणात होते.

काळजीवाहकांनी मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. सूर्याकडे कुणीही थेट पाहू नये. पाहायची आहे ती जमिनीवरची सावली. मेचे दुपारचे ऊन वृद्धांना घातक ठरू शकते. उतारवयात तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी लवकर घटते. म्हणून त्यांची खुर्ची ओसरीवर किंवा निंबाच्या सावलीत मांडावी आणि पेला त्यांना दिसेल असा उन्हात ठेवावा. जवळ पाणी असावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरगरणे, मळमळ, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसल्यास त्यांना तत्काळ थंड जागी न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि दवाखाना गाठावा. ज्यांना उन्हाचा त्रास पूर्वी झाला आहे, त्यांना खिडकीतून दाखविले तरी पुरे.

चष्मा आणि श्रवणयंत्र आठवणीने लावून द्यावे. बोलताना त्यांच्या समोर बसून, सावकाश बोलावे. ज्यांची स्मृती ओसरू लागली आहे, त्यांना ‘आठवते का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. त्यांच्या हाती खडू द्यावा आणि एक खूण त्यांना करू द्यावी.

शाळा, ग्रामपंचायत किंवा महिला मंडळाने हाच कार्यक्रम गावासाठी योजला, तर मंडप, टेकण असलेल्या खुर्च्या, पिण्याचे पाणी आणि जवळ स्वच्छतागृह एवढी व्यवस्था अवश्य करावी. निमंत्रणात ‘विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावे’ या वाक्यापुढे ‘आजी-आजोबांना सोबत आणावे’ एवढे चार शब्द वाढवावेत. पुष्कळ वृद्ध केवळ कुणी बोलावीत नाही, म्हणून घरी बसलेले असतात.