नगद वर्गणी, उधार वचन

मुठीत मावणारा पुरा संगणक, बोटांना सरावाचा वाटेल असा खरा कळफलक, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि किंमत एखाद्या मध्यम प्रतीच्या मोबाइलइतकी. अट एवढीच की पैसे आज भरावयाचे आणि यंत्र वर्षभराने हाती घ्यावयाचे. अशा आशयाच्या घोषणा जगाच्या कोणत्या ना कोणत्या कोपऱ्यातून आता वारंवार होत असतात. त्यांच्यासोबत देखणी चित्रे असतात, उत्साही तरुणांची भाषणे असतात आणि वर्गणीचा आकडा तासागणिक वाढत असल्याचे दाखविणारा फलक असतो. गोमंतकातील महाविद्यालयीन तरुणही तो फलक पाहतो आणि वडिलांपाशी पैसे मागतो. वडिलांना संगणकातले कळत नाही आणि मुलाला व्यवहारातले. मग बाजारात तुरी असतानाच घरात वाद सुरू होतो. अशी घोषणा विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. वर्गणीचा व्यवहार समजला म्हणजे पुरते, असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे घेत आहो.

लोकवर्गणी आपल्याला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि 1908 मध्ये त्या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. वर्षाला एक पैसा देणाऱ्या माणसाने परतफेडीची अपेक्षा धरली नव्हती. परंतु आपल्या पैशाचे काय झाले हे त्याला तळेगावास जाऊन डोळ्यांनी पाहता येत होते. आपल्या देवस्थानांतही जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमते तेव्हा जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे ठेवावा लागतो आणि तेथे प्रश्न विचारणाऱ्यास कोणी पाखंडी म्हणत नाही. मागणारा ओळखीचा असावा, काम दिसावे आणि हिशेब मागण्याचा हक्क असावा, या तीन खांबांवर आपली वर्गणी उभी असते. संगणकासाठी चालणाऱ्या या नव्या वर्गणीत तिन्ही खांब डळमळीत असतात.

क्राउडफंडिंग या नावाने ओळखला जाणारा हा व्यवहार अमेरिकेत 2008 साली निघालेल्या इंडिगोगो आणि 2009 साली निघालेल्या किकस्टार्टर या संस्थांनी रूढ केला. त्यात पैसे देणाऱ्याचे नेमके स्थान कोणते, हा मूळ प्रश्न आहे. तो गिऱ्हाईक म्हणावा तर माल अस्तित्वात नाही. भागीदार म्हणावा तर नफ्यात वाटा नाही. देणगीदार म्हणावा तर त्याला वस्तूचे वचन दिलेले असते. किकस्टार्टरने 2012 मध्ये आपण दुकान नसल्याचे स्वतःच जाहीर केले आणि केवळ संगणकावर रेखाटलेल्या चित्रांच्या बळावर उपकरणांसाठी पैसे मागण्यास मनाई केली. हे पाऊल योग्यच होते. परंतु यशस्वी वर्गणीतील पाच टक्के वाटा संस्थेकडे जातो आणि यंत्र तयार होऊन पोचेल की नाही याची हमी मात्र ती घेत नाही. धोका शेवटी ज्याने पैसे भरले त्याच्याच माथी राहतो.

हा धोका कसा असतो हे ब्रिटनमधील एका उदाहरणावरून दिसते. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 1982 साली बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर तेथील एक पिढी वाढली. त्याचे खेळ हातात धरून खेळता यावेत म्हणून वेगा प्लस नावाचे यंत्र काढण्यासाठी रेट्रो कॉम्प्युटर्स या कंपनीने 2016 मध्ये इंडिगोगोवर एक लाख पौंड मागितले आणि लोकांनी पाच लाखांहून अधिक दिले. नाव प्रतिष्ठित होते. वेगा हे आधीचे यंत्र याच कंपनीने लोकांना दिलेही होते. पुढे संचालकांत फूट पडली, तारखा टळत गेल्या, 2018 मध्ये मोजक्या लोकांच्या हाती जे पडले त्याच्या बांधणीविषयी तक्रारी झाल्या, इंडिगोगोने वसुलीचे काम वसुली करणाऱ्या कंपनीकडे सोपविले आणि 2019 मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली. उसने घेतलेले मोठे नाव विश्वासाला तारण ठरू शकत नाही, हा यातला पहिला धडा.

स्पेनमधील स्मॅक झेड या यंत्राची कथा थोडी निराळी. संगणकावरचे खेळ हातातल्या यंत्रावर आणण्याची त्यांची कल्पना चुकीची नव्हती. 2016 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी जमविली, दरवर्षी नव्या तारखा दिल्या आणि अखेर दिवाळखोरी पत्करली. नेमकी तीच कल्पना अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने 2022 मध्ये स्टीम डेक या नावाने बाजारात आणून यशस्वी केली; मात्र त्या कंपनीपाशी स्वतःचे भांडवल होते. कल्पना खरी असणे आणि ती अमलात आणण्याची ऐपत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तथापि, विलंब झाला म्हणजे लबाडी झाली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. किकस्टार्टर निघण्यापूर्वीच, 2008 च्या सप्टेंबरात, ब्रिटन व जर्मनीतील काही हौशी मंडळींनी पँडोरा नावाच्या खिशातील संगणकासाठी आगाऊ पैसे घेतले. पहिल्या खेपेत चार हजार यंत्रे काढावयाची होती. पहिली यंत्रे लोकांपर्यंत जाण्यास 2010 चा मे महिना उजाडला आणि कित्येकांना त्यानंतरही दीर्घकाळ थांबावे लागले. तरी ते यंत्र खरे होते आणि त्याच्यामागची माणसे पळून गेली नाहीत. लंडनच्या प्लॅनेट कॉम्प्युटर्सने 2017 मध्ये जेमिनी या लहान संगणकासाठी वर्गणी मागितली. सायन फाइव्ह या जुन्या नामांकित यंत्राचे रचनाकार मार्टिन रिडिफर्ड यांनीच त्याचा कळफलक आखला होता. पुढील वर्षाच्या आरंभी यंत्रे जाऊ लागली. त्याच कंपनीने 2020 मध्ये ॲस्ट्रो स्लाइडची घोषणा केली तेव्हा मात्र ठरलेले 2021 साल टळले आणि अनेक वर्गणीदार पुढे वर्षानुवर्षे तिष्ठत राहिले. पूर्वीची कामगिरी हा पुरावा जरूर आहे. पण दरवेळी तो नव्याने तपासला पाहिजे.

असे का होते? एक नमुना हाताने जुळविणे कुशल माणसाला जमते. तसाच हजारावा नमुना बिनचूक काढणे हे कारखान्याचे काम आहे. बाहेरच्या पेटीसाठी पोलादी साचे करावे लागतात आणि यंत्र एक काढा वा दहा हजार, साच्याचा खर्च टळत नाही. पडदे आणि प्रोसेसर पुरविणारे मोठ्या मागणीशिवाय बोलणी करीत नाहीत. बॅटरीच्या वाहतुकीचे नियम आहेत, प्रत्येक देशाच्या तपासण्या आहेत. साधा हिशेब करून पाहावा. समजा, पाचशे जणांनी प्रत्येकी वीस हजार रुपये दिले, तर एक कोटी जमले. संस्थेची आणि पैसे पोचविणाऱ्यांची वजावट आठ-दहा लाखांची. उरलेल्या नव्वद लाखांत, म्हणजे प्रत्येक यंत्रामागे अठरा हजारांत, सुटे भाग, साचे, तपासण्या, टपाल, बिघडलेल्या यंत्रांची बदली आणि वर्षभराचे पगार बसवावयाचे. हे गणित जुळत नसेल तर चालकांचा हेतू कितीही शुद्ध असो, वचन पुरे होणार नाही.

म्हणून कोणत्याही नव्या घोषणेला आमच्या मते काही प्रश्न विचारावेत. चालू स्थितीतले यंत्र कोणा तटस्थ माणसाच्या हाती देऊन दाखविले आहे काय? ते कोणत्या कारखान्यात निघणार आणि साचे तयार आहेत काय? मागितलेली रक्कम कामाच्या मानाने पुरेशी आहे, की लवकर यश जाहीर करता यावे म्हणून मुद्दाम कमी ठेवली आहे? रक्कम पुरी जमली नाही तर पैसे परत मिळतात काय? 2013 मध्ये उबुंटू एज या फोनसाठी तीन कोटी वीस लाख डॉलर मागितले गेले. सुमारे एक कोटी अठ्ठावीस लाखांचीच तयारी झाली, म्हणून कोणाचाही पैसा घेतला गेला नाही. ते अपयश होते, पण ते प्रामाणिक अपयश होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय बिघडू शकते हे मागणारा स्वतःहून सांगतो काय? ज्याच्या निवेदनात अडचणींना जागा नाही, त्याने एकतर काम केलेले नाही किंवा तो ते लपवितो. वाईट बातमी आधी आपल्या तोंडून सांगणारा माणूस आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो.

आपल्या देशालाही या मोहाचा अनुभव आहे. 2016 च्या फेब्रुवारीत नोएडातील एका कंपनीने फ्रीडम 251 हा स्मार्टफोन अवघ्या 251 रुपयांत देण्याची घोषणा केली आणि नोंदणीसाठी झुंबड उडाली. दाखविलेल्या नमुन्यावरील दुसऱ्या कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले असल्याचे उघड झाले आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या एका संचालकास अटक झाली. सुट्या भागांची किंमत कोणालाही विचारता आली असती. पण स्वस्ताईच्या आनंदात तो प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

कायद्याची स्थिती समाधानकारक नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2015 मध्ये प्रथमच अशा वर्गणीच्या गैरवापराबद्दल कारवाई केली. आपल्याकडे सेबीने 2014 मध्ये जे चर्चापत्र काढले ते समभाग व कर्जरोख्यांपुरते होते. वस्तूच्या वचनावर दिलेली वर्गणी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, परंतु पैसे घेणारा परदेशात असेल तर येथे मिळालेल्या निकालाची वसुली करावयाची कोठे? शिवाय यंत्र आलेच तर सीमाशुल्क वेगळे. वर्गणी टप्प्याटप्प्याने, काम दिसेल तशी चालकांच्या हाती द्यावी आणि झालेल्या खर्चाचा हिशेब वर्गणीदारांपुढे ठेवणे बंधनकारक करावे, एवढा नियम झाला तरी पुष्कळ लबाडी आणि त्याहून अधिक भोळेपणा थांबेल.

तोवर शहाणपण ज्याचे त्यालाच वापरावे लागेल. अमेरिकेतील एथन मॉलिक या प्राध्यापकांनी 2015 मध्ये केलेल्या पाहणीत किकस्टार्टरवर पुरेसे पैसे जमलेल्या कामांपैकी सुमारे नऊ टक्के वचन पाळू शकली नाहीत असे आढळले. अर्थात बहुसंख्य लोक प्रामाणिक असतात आणि नव्या कल्पनांना सामान्य माणसाचा आधार मिळतो, ही गोष्ट आम्ही स्वागतार्हच मानतो. परंतु मोठे कारखाने लागणाऱ्या यंत्रांत धोका अधिक, हे ध्यानी ठेवून बुडाली तरी घराला झळ लागणार नाही एवढीच रक्कम द्यावी, आणि देताना ती खरेदी म्हणून न देता वर्गणी म्हणून द्यावी. वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. घोषणा करणाऱ्याला तो हक्क मान्य आहे की नाही, हे एका पत्रातच कळते. उत्तर आले नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.